तपासणीच्या दारात काय बोलायचं?

प्रश्न : एका ४९ वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगामुळे त्यांच्या डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून त्या ब्राच्या कप्प्यात सिलिकॉनचं कृत्रिम स्तन, म्हणजे प्रोस्थेसिस, वापरतात. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी निघालेल्या असताना विमानतळावर बॉडी स्कॅनरच्या पडद्यावर त्यांच्या छातीच्या जागी पिवळा चौकोन उमटला. कर्मचारी बाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, "इथे काय आहे?" असं मोठ्याने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता हात लावला. मागे दोन पुरुष सहकारी उभे होते. त्या लिहितात, "माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. आपण काही गुन्हा केलाय असं वाटत राहिलं." त्यानंतर आलेले दोन दौरे त्यांनी घरची कारणं पुढे करून टाळले. आता तिसरा आला आहे आणि त्यात मध्ये एकदा विमानही बदलायचं आहे. त्यांचे प्रश्न असे : प्रोस्थेसिस काढून बॅगेत ठेवून गेलं तर? आधीच सांगितलं तर उलट जास्त संशय येईल का? कर्करोग होऊन गेलेल्या शरीराला या किरणांचा त्रास होईल का? की आता प्रवास जमणार नाही, असं वरिष्ठांना सांगून मोकळं व्हावं?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात दोन घटना एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू या. यंत्राने तुमच्या छातीवर चौकोन दाखवला, ही पहिली. एका माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं आणि न सांगता हात लावला, ही दुसरी. पहिलीत तुमच्याविषयी कुठलंही मत नव्हतं. दुसरी चुकीची होती आणि ती चूक तुमची नव्हती. तुम्हाला शरम वाटते आहे ती पहिलीची, दुखलं आहे ते दुसरीमुळे. पुढच्या वेळी पहिली टाळता येईल याची खात्री देता येत नाही. दुसरी मात्र बऱ्याच अंशी टाळता येते आणि तिचा बंदोबस्त यंत्रात पाऊल टाकण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात करायचा असतो.

आधी यंत्राविषयी. धातू शोधणाऱ्या चौकटी जुन्या आहेत. त्यांना फक्त धातू कळतो. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात शिवून नेलेलं स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यात चौकटीला सापडेल असा धातू नव्हता. तो प्रयत्न फसला, पण कपड्यांखाली धातू नसलेली वस्तूही दिसली पाहिजे, असा आग्रह त्यानंतर वाढला आणि संपूर्ण शरीराचे स्कॅनर अनेक देशांत झपाट्याने बसले. कपड्यांखालच्या, धातू नसलेल्या वस्तूवरही यंत्र खूण करतं, त्यामागे हा इतिहास आहे.

आज बहुतेक ठिकाणी दिसतात ते स्कॅनर मिलिमीटर लहरींवर चालतात. या लहरी कापडातून पार होतात आणि त्वचेवरून परत फिरतात, कारण त्वचेत पाणी भरपूर असतं. परत आलेल्या लहरींवरून सॉफ्टवेअर शरीराचा बाह्य आकार ताडून पाहतं आणि जिथे काही वेगळं वाटेल तिथे एका सरधोपट मानवी आकृतीवर चौकोन काढतं. सिलिकॉनवरून लहर त्वचेसारखी परत येत नाही, म्हणून तुमचा चौकोन. पण तसाच चौकोन घामाने ओलसर झालेल्या पाठीमुळे येतो, खिशात राहिलेल्या कागदी रुमालामुळे येतो, जाड वेणीमुळे, कपड्याच्या दुमडलेल्या घडीमुळे, बाळाच्या डायपरमुळे आणि सॅनिटरी पॅडमुळेही येतो. शिवाय कित्येक यंत्रांत प्रवासी आत शिरताना कर्मचाऱ्याला स्त्री किंवा पुरुष असं बटण दाबावं लागतं. ते चुकलं तरी छातीवर चौकोन उमटतो. कर्करोग, शस्त्रक्रिया, प्रोस्थेसिस यांतलं काहीही त्या यंत्राला ठाऊक नसतं.

पडद्यावर तुमचं उघडं शरीर दिसत होतं का, ही भीती तुम्ही लिहिली नाही, पण पुष्कळ वाचकांना असते. सुरुवातीच्या काही यंत्रांत शरीराची बरीच स्पष्ट प्रतिमा दिसायची, हे खरं आहे. त्यावरून मोठा विरोध झाला आणि अमेरिकेने २०१३ पर्यंत तशी प्रतिमा दाखवणारी यंत्रं विमानतळांवरून काढली. नव्या यंत्रांत सगळ्यांसाठी एकच आकृती असते. तुम्हालाही ती पडद्यावर दिसते. ती एकदा पाहून घ्या.

किरणांचं उत्तर थोडक्यात देते. मिलिमीटर लहरी पेशींच्या आत पोहोचून रचना मोडणाऱ्या प्रकारच्या नाहीत. क्ष-किरण वेगळे आणि या लहरी वेगळ्या. क्ष-किरणांवर चालणारे जुने बॉडी स्कॅनर युरोपीय संघाने २०११ सालीच वगळले. त्यांचाही एका तपासणीचा डोस ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असे. उंचावरून उडणाऱ्या विमानात वैश्विक किरणांमुळे तेवढा डोस काही मिनिटांतच मिळतो. रेडिएशनचे उपचार होऊन गेले असले, तरी स्कॅनर टाळण्याचं कारण त्यातून निघत नाही.

"मग स्कॅनरच नको, हातानेच तपासा, असं सांगितलं तर?" असाही विचार कदाचित तुमच्या मनात येईल. अमेरिकेत आणि युरोपीय संघात सहसा तसा पर्याय मिळतो. तुमच्यासाठी मात्र तो मला योग्य वाटत नाही. स्कॅनरने खूण केली तर साधारणपणे तेवढाच भाग तपासतात. स्कॅनर नाकारला तर पूर्ण अंगझडती ठरलेलीच. अपवाद एकच. स्कॅनरमध्ये दोन्ही हात डोक्यावर धरून काही सेकंद स्थिर उभं राहावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर काखेत ओढ बसत असेल, खांदा आखडला असेल किंवा हात सुजत असेल, तर ते जमत नाही. अर्धवट उचललेल्या हाताने प्रतिमा बिघडते, पुन्हा उभं करतात आणि खुणा वाढतात. घरी आरशासमोर एकदा पाहा : दोन्ही कोपरं कानांच्या पातळीला आणून दहा सेकंद थांबता येतं का? येत नसेल तर आत शिरण्याआधीच सांगा. मग धातूची चौकट आणि हाताने तपासणी, असा मार्ग देतात.

आता प्रोस्थेसिस बॅगेत ठेवण्याविषयी. तुम्हाला हा मार्ग सुटकेचा वाटतो आहे, पण त्यात एक अडचण आहे. सिलिकॉनचा जड, घट्ट गोळा बॅगेच्या क्ष-किरण प्रतिमेत ठळक दिसतो. बॅग बाजूला काढून उघडण्याची शक्यता बरीच असते आणि ती टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर उघडतात. म्हणजे जे लपवायचं होतं तेच ट्रेमध्ये येऊन पडतं. द्रव आणि जेलसाठीची १०० मिलिलिटरची मर्यादा मात्र इथे आड येऊ नये. वैद्यकीय गरजेच्या वस्तूंना अनेक देशांत त्यातून सूट असते, फक्त त्या वेगळ्या तपासतात. चेक-इनच्या सामानात तर प्रोस्थेसिस कधीच टाकू नका. सामान चुकून दुसरीकडे गेलं तर उतरल्यावर तुमची मोठी अडचण होईल.

काही बायका प्रवासापुरतं कापूस किंवा फोम भरलेलं हलकं कृत्रिम स्तन वापरतात, शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यांत देतात तसं. त्यानेही चौकोन येऊ शकतो, पण ते हलकं असतं, दबतं आणि कुणी कपड्यावरून हात फिरवला तर झटकन उमगतं. सिलिकॉनचं मग मूळ डब्यात घालून केबिन बॅगेत, अगदी वर ठेवायचं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. काही जणी काहीच न घालता सैल कपड्यांत जातात. तुम्हाला त्यात मोकळं वाटत असेल तर तेही उत्तम. पण "पकडली जाऊ नये" म्हणून तसं करणार असाल, तर करू नका. पूर्ण प्रवासभर खांदे आवळून बसाल आणि सैल कपड्याच्या घडीमुळे खूण यायची ती येईलच. माझा कल स्पष्ट आहे : रोज वापरता तेच घालून जा आणि आधी सांगा.

आधी सांगितलं तर संशय वाढतो, हा तुमचा समज आपण जरा उलटा करून पाहू. तपासणी करणाऱ्या व्यक्तीला काळजी असते ती न समजलेल्या वस्तूची. चौकोन दिसल्यानंतर तुम्ही गोंधळून गप्प राहिलात, तर तिच्या दृष्टीने ती वस्तू न समजलेलीच राहते. चौकोन दिसण्याआधी तुम्ही शांतपणे सांगितलंत, तर तिच्यापुढे एक नेहमीची, प्रशिक्षणात शिकवलेली बाब येते. सांगितल्याने तपासणी रद्द होत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या पत्रानेही होत नाही. पत्र असूनही तपासलं म्हणून अनेकांना दुप्पट अपमान वाटतो. त्याचं कारण इतकंच की पत्राकडून त्यांची अपेक्षा चुकीची असते. पत्रामुळे बोलणं थोडक्यात आटोपतं आणि मोठ्याने बोलावं लागत नाही. त्याचा उपयोग तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

कुणाला सांगायचं, यात बहुतेकांची गफलत होते. ट्रे सरकवणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगून उपयोग नाही. तो सामानाकडे पाहत असतो आणि निरोप पुढे जात नाही. स्कॅनरच्या तोंडाशी प्रवाशांना आत सोडणारी व्यक्ती असते, तिला सांगायचं. ती पुरुष असेल तर, "मला महिला कर्मचाऱ्यांशी बोलायचंय," एवढंच म्हणा आणि बाजूला थांबा. महिला कर्मचारी आल्या की तीन वाक्यं : "माझी छातीची शस्त्रक्रिया झाली आहे, मी प्रोस्थेसिस वापरते. हाताने तपासणार असाल तर बंद खोलीत हवं. डाव्या बाजूला दुखतं, हात लावण्याआधी सांगा." हीच वाक्यं इंग्रजीत आणि जिथे विमान बदलायचं आहे तिथल्या भाषेत एका छोट्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहून बोर्डिंग पाससोबत हातात धरा. मोबाइलवर लिहून ठेवू नका, कारण त्या क्षणी मोबाइल ट्रेमध्ये गेलेला असतो. घरी ही वाक्यं खरोखर आवाज काढून म्हणा, दिवसातून दोनदा, निघण्याच्या आधीचा आठवडाभर. भीतीने घसा आवळला की नवीन वाक्य सुचत नाही. रुळलेलं वाक्य मात्र तोंडात येतं.

बंद खोलीत काय व्हायला हवं, तेही माहीत असू द्या. तपासणारी व्यक्ती स्त्री असावी. सहसा दुसरी एक कर्मचारी सोबत असते. कुठे आणि कसा हात लावणार हे आधी सांगावं. अमेरिकेत नाजूक भागांवर हाताची मागची बाजू फिरवण्याची पद्धत आहे. प्रोस्थेसिस काढून दाखवा किंवा कपडा वर करा, असं सांगू नये. अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेने हे प्रवाशांसाठी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. पुष्कळदा तुम्हालाच स्वतःच्या छातीवरून कपड्याच्या वरून हात फिरवायला सांगतात आणि मग तुमच्या तळव्यांवर कापडी पट्टी फिरवून ती स्फोटकांचे अंश शोधणाऱ्या यंत्रात घालतात. हा मार्ग चालेल का, असं तुम्ही स्वतःहून विचारू शकता. कुणाचा हात लागत नाही, म्हणून तुमच्यासाठी तो सगळ्यात बरा.

त्या पट्टीविषयी एक बारकावा. ग्लिसरीन असलेलं हँड क्रीम, काही लोशन, शेतातलं किंवा कुंड्यांतलं खत आणि हृदयविकाराच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या यांच्यामुळे खोटा इशारा मिळू शकतो. तसा तो मिळाला की तपासणी एकदम लांबते, सामानही उघडतात. म्हणून घरातून निघाल्यापासून तपासणी होईपर्यंत हाताला काही लावू नका.

खोलीत जाताना दुसरी एक गोष्ट हमखास निसटते. तुमची बॅग, पाकीट, मोबाइल तिकडे पट्ट्यावर एकटे राहतात आणि मन अर्धं तिकडे लागतं. "माझं सामान सोबत आणा किंवा मला दिसेल असं ठेवा," असं आधी म्हणा आणि मगच हला.

सहकाऱ्यांचा प्रश्न मला सगळ्यात जिव्हारी लागणारा वाटला, कारण सोबत कुणाला तरी न्या, हा नेहमीचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्ही एकट्याने आधी आत जा. ऑनलाइन चेक-इन करा, इतरांपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा आणि "गेटपाशी भेटू" असा निरोप पाठवा. कामानिमित्त प्रवास करणारी माणसं असं रोज करतात. कुणी कारण विचारत नाही. विमान बदलताना मात्र सगळे एकत्रच उतराल आणि पुष्कळ विमानतळांवर तिथे पुन्हा तपासणी होते. उतरल्यावर आधी स्वच्छतागृहात जा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग रांगेत लागा. त्यासाठी दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ असलेलं तिकीट मागा. तासाभराचं अंतर असेल तर घाईपायी तुम्ही बंद खोली मागणारच नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

तिकीट काढल्यावर विमान कंपनीला मदतीची विनंती नोंदवता येते. युरोपीय संघाच्या नियमात त्यासाठी ४८ तास आधी कळवण्याची अट आहे, इतरत्रही साधारण तेवढं धरून चाला. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर हिरव्या पट्टीवरची सूर्यफुलं ही वरून न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून सुरू झाली. आता ती अनेक देशांतल्या विमानतळांवर ओळखतात. ती गळ्यात घातल्याने रांग चुकत नाही, पण कर्मचारी जरा थांबून बोलतात. सहकाऱ्यांसमोर ती घालायची का, हा निर्णय तुमचा.

तपासणी चालू असताना पुन्हा शब्द फुटेनासा झाला तर? गोठून जाणं हा दुबळेपणा नाही. शस्त्रक्रिया, ड्रेसिंग, तपासण्या यांत त्या जागेला शेकडो वेळा परक्या हातांनी स्पर्श केलेला असतो आणि शरीर ते विसरत नाही. हात वर करून तळवा दाखवा आणि "थांबा" एवढंच म्हणा. थांबायला सांगणं म्हणजे तपासणी नाकारणं नव्हे. पूर्ण नाकारली तर विमानात बसू देणार नाहीत, म्हणून पुढे "एक मिनिट द्या, मग करा" हे जोडा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, तो लांब सोडा. बाहेर आल्यावर लगेच गेटकडे धावू नका. बसा, पाणी प्या, बूट-घड्याळ नीट घाला. तो वेळ आधीच हिशेबात धरलेला असू द्या.

आणि इतकं करूनही कुणी गेल्या वेळसारखं वागलं, तर तिथल्या तिथे वाद घालू नका. पर्यवेक्षकांना बोलवा, असं सांगा. ते आले नाहीत तर वेळ, कितवी रांग, बिल्ल्यावरचं नाव किंवा क्रमांक आणि नेमके कोणते शब्द वापरले गेले, हे विमानात बसण्याआधी लिहून काढा. त्याच दिवशी विमानतळाकडे आणि सुरक्षा यंत्रणेकडे, दोन्हीकडे लेखी पाठवा. "मला अपमानास्पद वाटलं" याच्याबरोबर "सगळ्यांसमोर विचारलं, बंद खोली देऊ केली नाही, न सांगता हात लावला" अशा तीन नेमक्या बाबी लिहिल्या की उत्तर टाळणं कठीण जातं. गेल्या वर्षीची तारीख आणि विमानाचा क्रमांक तुमच्याकडे असेल, तर ती तक्रारही अजून पाठवावी असं मला वाटतं. उशिरा गेली तरी नोंद राहते.

वरिष्ठांचं काय? "प्रवास जमणार नाही" हे कायमचं वाक्य आज बोलू नका. दोन दौऱ्यांची खोटी कारणं तुम्हाला आतून खात आहेत, हे पत्रात जाणवतं. सगळं सांगायची गरज नाही. "शस्त्रक्रियेमुळे विमानतळावरच्या तपासणीत मला वेळ लागतो. थेट विमान किंवा मध्ये तीन तासांचं अंतर असलेलं तिकीट हवं आणि मी विमानतळावर स्वतंत्रपणे पोहोचेन," इतकं पुरे. हे सगळं करून एक प्रवास झाला आणि तरीही आठवडे झोप उडाली, तर दौरे नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्या वेळी समुपदेशकांशीही बोला, कारण मग प्रश्न विमानतळापुरता उरलेला नसेल.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी तात्पुरता एक्सपांडर, म्हणजे त्वचा हळूहळू ताणणारी फुगवायची पिशवी, बसवला असेल, तर त्याच्या तोंडाशी पुष्कळदा चुंबक असतो आणि धातूची चौकट वाजू शकते, हे आधी सांगा. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांना स्कॅनर सोयीचा, कारण त्याच्या लहरी त्वचेवरूनच परत फिरतात आणि शरीराच्या आतल्या धातूमुळे सहसा खूण येत नाही. पेसमेकर असलेल्यांनी चौकटीतून नेहमीच्या चालीने जावं, तिच्याजवळ रेंगाळू नये आणि हातातलं डिटेक्टर त्या जागेवर धरू देऊ नये. इन्सुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर लावलेल्यांनी आपल्या उपकरणाची पुस्तिका वाचावी. काही उत्पादक क्ष-किरणांचं यंत्र आणि बॉडी स्कॅनर दोन्ही टाळायला सांगतात, तिथे हाताने तपासणी मागावी. इन्सुलिन नेहमी केबिन बॅगेत ठेवावं, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. शस्त्रक्रियेनंतर पोटाला मलमूत्राची पिशवी लावलेल्यांनी रांगेत शिरण्याआधी ती रिकामी करावी, आणि तळव्यांच्या पट्टीचा जो मार्ग वर सांगितला तोच मागावा.